बिजलीची एकादशी

आमच्या ह्यांना मैसुरात माणसं कमी आणि कुत्री जास्त ओळखतात. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागानं सांगते. भाजीची पिशवी घेऊन रस्त्यानं चालले की एखादी गाडी शेजारी येऊन थांबते, मागच्या काचेतून एक लांबलचक जीभ बाहेर लोंबते आणि आत बसलेली बाई म्हणते, "तुम्ही विजयेंद्रकाकांच्या मिसेस ना? आमच्या लड्डूनं तुम्हाला वासावरून ओळखलं बघा!" घ्या. नावावरून नाही, रूपावरून नाही, वासावरून. मिरजेच्या शाळेत वक्तृत्वाचा कप मिळवलेली मी, आणि माझी ही ओळख.

मी या घरात आले तेव्हा हे शिंप्याचं घर होतं. मंडी मोहल्ल्यात सासऱ्यांचं दुकान, दुकानात शाळेच्या गणवेशांचे ढीग, भिंतीवर विठोबाची तसबीर. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मैसूरची. आपण घरात शुद्ध मराठी बोलतो असा त्यांचा समज आहे. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "जानकी, हुळीत स्वल्प उप्पू घाल." मी आपली पळी हातात धरून उभी. आमटीत थोडं मीठ घाल, एवढंच म्हणणं होतं त्यांचं. आता मीही तसंच बोलते आणि माहेरी गेले की वहिन्या हसतात. हसू देत.

कुत्र्यांचं खूळ सुरू झालं ते एका रेनकोटावरून. एका गिऱ्हाइकाला आपल्या लॅब्रेडॉरसाठी रेनकोट शिवून हवा होता. मी म्हटलं, अहो, माणसांची मापं संपली का? पण ह्यांनी गळ्यात टेप अडकवला, तोंडात टाचण्या धरल्या आणि त्या धुडाची छाती, पोट, मान मापून काढली. डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारं ते जनावर ह्यांच्यापुढे पुतळ्यासारखं उभं. ह्यांनी एकदाही "शांत राहा" म्हटलं नाही, कुरवाळलंही नाही. गिऱ्हाईक उभं असताना घाईघाईनं हात लावायचा नाही, हे शिंप्याच्या हातातच असतं. मग दुसरा आला, तिसरा आला. मग कुणी म्हणालं, आम्ही गावाला चाललोय, एक दिवस सांभाळता का? तयार गणवेश कारखान्यातून यायला लागले तसं दुकान आखडलं. आता हे दुपारी दुकानात बसून लोकांच्या पॅंटी आखूड-लांब करतात, आणि सकाळी कुत्र्यांना रानात नेतात.

रान म्हणजे कृष्णमूर्तींचं. हे गृहस्थ मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले. येलवालच्या पुढे, हुणसूर रस्ता सोडून आत त्यांनी जमीन घेतली, तीत साग लावला, सिल्व्हर ओक लावला, करंज लावला, आणि तोडायचं राहूनच गेलं. आता तिथे दाट सावली आहे, एक छोटं तळं आहे, चारी बाजूंनी तारेचं कुंपण आहे. कुंपणापलीकडे माळ आणि घाणेरीची झुडपं. अधूनमधून बिबट्या फिरतो म्हणतात तिकडे. म्हणून ह्यांचा नियम असा की ऊन चांगलं वर आल्याशिवाय आत जायचं नाही, आणि प्रत्येक कुत्र्याच्या पट्ट्याला घुंगरू हवंच. घुंगरं ह्यांनीच शिवलीत. कोण कुठे आहे ते त्यांना न बघता कळतं.

फाटकातून आत गेलं की हे सगळ्यांना मोकळं सोडतात. साखळी नाही, दोरी नाही. सहा कुत्री सहा दिशांना उधळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांना मोजतच सुटले होते. कुणाकुणाची लाडाकोडाची लेकरं ही, एक जरी हरवलं तरी तोंड कसं दाखवायचं? पण परत बोलवायची ह्यांची रीत निराळी. शिट्टी नाही, हाका नाहीत. सासऱ्यांची मोठी कात्री घेऊन मोकळ्या जागेत उभं राहायचं आणि ती हवेत चालवायची. कच, कच, कच. एवढ्या आवाजावर झाडाझुडपांतून घुंगरं वाजत येतात आणि सगळे ह्यांच्यापुढे गोल धरून बसतात. मग प्रत्येकाच्या तोंडात उकडलेल्या कलेजीचा एकेक तुकडा.

आता हे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अंड्यालासुद्धा हात लावत नाहीत. कलेजी उकडायची चूल परसात वेगळी, पातेलं वेगळं, नंतर आंघोळ. विठ्ठलमंदिरात नागोजीरावांनी, म्हणजे आमच्या मंदिराच्या वडीलधाऱ्यांनी, एकदा सगळ्यांदेखत टोकलं, "विजयेंद्रा, माळकरी माणूस तू आणि कलेजी उकडतोस?" हे शांतपणे म्हणाले, "मी जेवत नाही, वाढतो. वाढणाऱ्यानं जेवलंच पाहिजे असं कुठं आहे, काका?" नागोजीरावांनी टाळ उचलले आणि भजन सुरू केलं. माझा नवरा बोलतो कमी, पण बोलला की समोरच्याचं तोंड बंद होतं. हे मात्र मी कौतुकानंच सांगते.

फक्त एकादशीला चूल पेटत नाही. त्या दिवशी ह्यांच्या कमरेच्या पिशवीत उकडलेलं रताळं आणि भाजलेले शेंगदाणे. "त्यांची पण एकादशी," असं म्हणतात आणि वाटतात. जुनी कुत्री बिचारी खातातही. लड्डू तर काहीही खातो, त्यानं एकदा माझी चप्पल खाल्ली होती. पण नव्या कुत्र्याला एकादशी कुठली माहीत?

नवी होती बिजली. मुधोळ हाउंड. आमच्या मिरजेकडे कारवानी म्हणतात त्यांना. उंच पाय, आत गेलेलं पोट, अरुंद तोंड, आणि डोळे असे की कुत्र्यांपासून हातभर लांब राहणाऱ्या मलाही पाघळवतील. देवश्री आणि मिलिंद हे नाशिकचं जोडपं. दोघं इथे सॉफ्टवेअरमध्ये, राहायला विजयनगरच्या एका अपार्टमेंटमध्ये. देवश्रीला ही रस्त्याच्या कडेला सापडली, अंगावर हाडं आणि गळ्यात तुटका दोर. तिनं उचलून घरी आणली. मिलिंदनं आधी नाही नाही म्हटलं, मग तिच्यासाठी गादी आणली, मग गादीवरचं पांघरूण आणलं. कळतं ना तुम्हाला, कसला माणूस ते?

पण बिजली पळायची. दार उघडलं की पाय सुटलेच. शेवटच्या वेळी ती अपार्टमेंटचं फाटक ओलांडून गेली ती थेट रिंगरोड पार करून. मिलिंद सकाळपासून वणवण फिरला. संध्याकाळी मेटगळ्ळीच्या एका वर्कशॉपमागे भंगाराच्या ढिगात ती सापडली, मागचा पाय पत्र्यानं फाटलेला. त्यानं तिला उचलून गाडीत घातलं, टाके घालून आणलं, आणि त्या रात्रीपासून एकच धोशा लावला. आपल्याच्यानं हे होणार नाही, हिला मोकळी जागा पाहिजे, हिला देऊन टाकूया. हुणसूरकडे एक तंबाखूचा शेतकरी राखणीला कुत्रं शोधत होता. मिलिंदनं त्याला शब्द दिला. रविवारी दुपारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

देवश्री आमच्या दुकानात येऊन ढसाढसा रडली. कृष्णमूर्ती त्या शेतकऱ्याला ओळखत होते. ते म्हणाले होते, मोकळी जागा कसली, दिवसभर साखळीला बांधतो आणि अंधार पडला की सोडतो, बिबट्याच्या तोंडी. आधीचं कुत्रं तसंच गेलं होतं त्याचं. हे देवश्रीनं मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, लोक काहीही बोलतात. मग बरीच भांडाभांड झाल्यावर म्हणाला, "ठीक आहे. रविवारी सकाळी काकांच्या रानात एकदा तिला मोकळी सोडू. आपण होऊन परत आली तर मी हुणसूरला फोन करतो. नाही आली, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

आमचे हे दोन महिन्यांपासून बिजलीला घेऊन झटत होते. आमच्या गच्चीवर कात्री, कलेजी. दुकानामागे कात्री, कलेजी. रानात लांब दोरीला बांधून कात्री, कलेजी. ती कात्रीला फिरून बघायला लागली होती, धावत यायलाही लागली होती. मी कॅलेंडर उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, रविवारी एकादशी आहे."

"आहे तर आहे."

"आहे तर आहे काय? त्या मुक्या जिवाच्या मानेवर सुरी टेकलीय आणि तुम्ही रताळं चारणार? एक दिवस कलेजी नेली तर विठोबा काय विटेवरून खाली उतरणार आहे का?"

"जानकी, सुम्ने ओरडू नको." सुम्ने म्हणजे उगीच. "कलेजीला आली तर ती कलेजीची. मला ती देवश्री मॅडमची झालेली बघायची आहे. ज्या दिवशी पिशवीत काही नसतं त्या दिवशी येते ती खरी येते. अल्वा?"

अल्वा म्हणजे होय की नाही. मी म्हटलं, नाही! पण ह्यांनी पायमशीन सुरू केलं होतं. या माणसाला काही ऐकायचं नसलं की तो पायमशीन सुरू करतो.

मी काही कमी नाही. शनिवारी शेजारच्या अंबूताईंना सांगितलं. त्या ना एकादशी पाळत ना चतुर्थी. त्यांनी रविवारी पहाटे कलेजी उकडून एका घट्ट झाकणाच्या डब्यात भरून दिली, आणि मी तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला, वर बटाटे. हे मी लपवत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन.

ऊन वर आलं तेव्हा आम्ही फाटकाशी पोहोचलो. आमच्या ओम्नी गाडीत मागे नेहमीची सहा कुत्री, मध्ये मी, माझ्या मांडीवर लड्डूचं डोकं. देवश्री-मिलिंद बिजलीला घेऊन आपल्या गाडीनं आले. मिलिंद रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. तो गाडीतून उतरला. एका सागाला टेकून उभा राहिला आणि हाताची घडी घातली.

ह्यांनी आधी बाकीच्यांना सोडलं. सगळे गेले. मग हे बिजलीजवळ उकिडवे बसले, तिच्या पट्ट्याचं घुंगरू एकदा बोटानं वाजवून बघितलं, आणि दोरीचा हूक काढला. तिला कळलंच नाही आधी. ती तशीच उभी. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि सुटली.

अगं बाई! मी लहानपणी माळावर पाहिलं होतं हे, तरी बघतच राहिले. झाडांमधून, तळ्याच्या कडेनं, वाळक्या पानांतून एक फेरी, दुसरी फेरी, आणि बाकीची सहा बिचारी तिच्या मागे लागून धापा टाकतायत. ती आनंदानं वेडी झाली होती. देवश्री हसत होती आणि रडत होती. मिलिंदच्या हाताची घडी सुटलेली मी पाहिली.

ह्यांनी कात्री चालवली. कच, कच, कच. आणि आली की हो! झपाट्यानं वळली आणि सगळ्यांत आधी ह्यांच्यापुढे येऊन बसली. शेपटी जमिनीवर आपटतेय. ह्यांनी अभिमानानं पिशवीत हात घातला आणि तिच्या तोंडात रताळ्याचा तुकडा दिला.

तिनं तो थुंकला. पानांत पडलेल्या त्या तुकड्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं. माझ्या लग्नात माझ्या मावशीनं आहेराची साडी बघून सासूबाईंकडे पाहिलं होतं, तसंच. इतक्यात कुंपणाजवळच्या घाणेरीतून ससा उठला. बिजलीची मान वळली. पुढच्या क्षणी ससा तारेखालून पार, आणि त्याच्यामागे बिजली तारेखालून पार. घुंगरू माळावर वाजत गेलं, लांब गेलं, आणि ऐकू येईनासं झालं.

कच, कच, कच. सहा जण आले. ती आली नाही. ह्यांनी पुन्हा कात्री चालवली. सहा जण पुन्हा नीट बसले. माळावर काही हललं नाही.

"रताळं," मी म्हटलं. "वाटा आता रताळं."

मिलिंद कुंपणाकडे धावला होता. "बिजली! बिजली!" आवाज फाटत होता त्याचा. तारेवरून चढायला गेला तर शर्ट अडकून टर्रकन फाटला. हे मागून गेले आणि त्याचा दंड धरला. "सर, पळू नका. तुम्ही पळालात की ती समजते, खेळ चाललाय. आणखी लांब जाते. हाकसुद्धा नको."

"मग काय करू? उभा राहून बघू?" मिलिंद ओरडला. "मला माहीत होतं हे. मला माहीत होतं! तिकडे बिबट्या असतो म्हणता ना तुम्ही?"

मला राहवेना. मी पिशवीतून डबा काढला आणि कुंपणाशी जाऊन झाकण उघडलं, की वाऱ्यावर वास तरी जाईल. वास गेला. पण माळावर नाही, मागे गेला. एकादशीच्या दिवशी कलेजी! सहा कुत्री माझ्या अंगावर आली. लड्डू आधी, अर्थातच. मी बटाट्यांसकट चिखलात बसले, डबा उडाला, आणि मी साडी सावरून उठेपर्यंत डब्यात वास सोडून काही उरलं नव्हतं. बिजलीचा पत्ता नाही.

ह्यांनी मला हात देऊन उठवलं. डब्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार, आणि मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण हे एवढंच म्हणाले, "आयतु, झालं. त्यांची एकादशी सुटली." आणि मग माझा हात न सोडता हळूच म्हणाले, "जानकी, मला भीती वाटायलीय."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, "वाटू द्या. पण उभे राहू नका. काहीतरी करा. तुम्हालाच येतं ते."

त्यांनी थोडा वेळ माळाकडे पाहिलं. मग कात्री पिशवीत टाकली आणि म्हणाले, "चला. सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि फाटकाकडे चालायचं. सावकाश. मागं वळून बघायचं नाही, हाक मारायची नाही."

"म्हणजे?" मिलिंद म्हणाला.

"आजपर्यंत ती पळाली की मागून कोणतरी गेलंय. ओरडत, धावत. तिला पक्कं माहीत आहे, आपण पुढं, हे लोक मागं. आज मागं कोणी नाही म्हटल्यावर तिला बघायला यावं लागेल, गेले कुठं हे."

"आणि नाही आली तर?"

"आली पाहिजे," हे म्हणाले. येईल म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

मिलिंद तारेला दोन्ही हातांनी धरून उभा होता. "नाही. तुम्ही जा. मी तिला अशी टाकून नाही जाणार."

देवश्री मागेच उभी होती. ती त्याच्याजवळ गेली. रागानं नाही बोलली, खरंच विचारावं तसं तिनं विचारलं, "मग दुपारी काय करणार होतास, मिलिंद?"

लड्डूसुद्धा डबा चाटायचा थांबला. मिलिंदनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मीच दुसरीकडे बघितलं. मोठा माणूस हो, पण त्या वेळी शाळेच्या फाटकाशी घ्यायला कुणी न आलेल्या पोरासारखा दिसत होता. मग म्हणाला, "मी तिला पुन्हा शोधू शकत नाही गं. त्या दिवशी भंगारात ती पडलेली दिसली ना, मला वाटलं, संपली. मला पुन्हा ते बघायचं नाहीये. म्हणून देत होतो. आपल्या डोळ्यांसमोर नको, एवढंच."

देवश्रीनं त्याचा हात तारेवरून सोडवला. हे म्हणाले, "टाकून नाही जात, सर. तिला यायला जागा देतोय. चला."

आणि तो वळला.

ती वाट काही फार लांब नाही, पण त्या दिवशी संपता संपेना. पुढे हे, मग सहा कुत्री घुंगरं वाजवत, मग ती दोघं, शेवटी चिखलानं भरलेली मी. मिलिंदचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. त्याची मान दोनदा मागे वळू लागली आणि दोन्ही वेळा देवश्रीनं त्याचा हात दाबला. मी शेवटी होते, मला वळून बघता आलं असतं. मी विठोबाचं नाव घेतलं आणि मनात म्हटलं, रताळं त्यांनी दिलं, कलेजी मी आणली, तुझा जो काय हिशेब असेल तो आमच्याशी कर, त्या पोरीशी नको.

फाटक दिसायला लागलं. ह्यांचा वेग कमी झाला. मला समजलं, फाटकाला हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती.

तेव्हा मागे घुंगरू वाजलं. पुढे सहा वाजत होती, हे सातवं माझ्या मागे. ह्यांनी न वळता एक हात वर केला, कुणी थांबू नका. आम्ही चालत राहिलो. पानं वाजली, माझ्या साडीला काहीतरी घासून गेलं, आणि बिजली आमच्यामधून पुढे निघाली. जीभ बाहेर, कानाला कुसळं, पण अंगावर ओरखडासुद्धा नाही. ती कुत्र्यांच्याही पुढे गेली, थांबली, आणि वळून आम्हा सगळ्यांकडे बघायला लागली. एकेकाकडे. मोजत असावी.

मग ती परत आली. ह्यांच्याजवळून गेली, देवश्रीजवळून गेली, आणि मिलिंदच्या लोंबत्या हातात आपलं नाक खुपसलं.

"पट्टा धरू नका," हे हळू आवाजात म्हणाले. "हात उघडा ठेवा. चालत राहा."

मिलिंद चार पावलं चालला. मग तो वाटेतच मातीत बसला. बिजली त्याच्या अंगावर रेलली आणि धापा टाकत राहिली. ह्यांनी पिशवीतून रताळ्याचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला. "द्या, सर. आल्यावर काहीतरी द्यायचं असतं." मिलिंदनं दिला. बिजलीनं तोंडात घेतला, आणि थुंकला. एकादशी तिला शेवटपर्यंत मान्य झाली नाही. पण ती उठूनही गेली नाही. तिथेच त्याच्या मांडीवर मान टाकून पडून राहिली.

आमचे हे एका सागामागे गेले. मी बघितलं, उपरण्याला डोळे पुसत होते. मी म्हटलं, "काय हो, धूर लागला का? आज तर चूल नव्हती." ते हसले आणि म्हणाले, "तुझी साडी बघ आधी."

तेवढ्यात मिलिंदचा फोन वाजला. हुणसूरचा शेतकरी. टेम्पो निघाला होता, पत्ता नीट सांगा म्हणत होता. त्याला कन्नडखेरीज काही येत नव्हतं आणि मिलिंदला कन्नडमध्ये रिक्षावाल्याला डावीकडे-उजवीकडे सांगण्यापलीकडे काही येत नव्हतं. ह्यांनी फोनसाठी हात पुढे केला, की आणा, मी सांगतो. मिलिंदनं मान हलवली. फोन कानाशी घट्ट धरला, डोळे मिटले, आणि एकेक शब्द शोधून काढला.

"नायी कोडल्ल," तो म्हणाला. कुत्रं देणार नाही. पलीकडचा माणूस चिडून काहीतरी बोलायला लागला. मिलिंदनं बिजलीच्या पाठीवर हात ठेवला. "नायी नम्मदू." कुत्रं आमचं आहे. त्या माणसाला नीट ऐकू गेलं नसावं, कारण मिलिंदनं तेच आणखी दोनदा सांगितलं, आणि दर वेळी आवाज मोठा होत गेला.